सुनेला मान

"ह्यात मान न्हाई व्हय गं?" आत्तींनी काउंटरवरच्या पोरीला विचारलं.

पोरीनं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि शिकवल्यासारखं गोड हसली. "असं कसं आजी? आमच्याकडं सगळ्यांना मान आहे. तुम्ही बसा, नंबर आला की बोलावते."

"अगं, त्यो मान न्हवं बाय. ही मान." आत्तींनी काठी बगलेत धरून स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. "कोंबडीची."

रांगेतल्या दोन कॉलेजच्या पोरी खुदकन हसल्या. आमचे हे इकडंतिकडं बघत म्हणाले, "आई, तू चल, बस. मी बघतो काय घ्यायचं ते. आज पंखांची ऑफर आहे, बुधवारची."

"कशाची?"

"विंग्ज, आजी," माझी लेक ऋतुजा म्हणाली. "पंख. बादलीभर पंख."

"नुसतं पंख?" आत्ती म्हणाल्या. "आन् मग बाकीची कोंबडी कुठं गेली?"

काउंटरवरच्या पोरीनं नंबराची चिठ्ठी पुढं सरकवली. मी दुसऱ्याच काळजीत होते. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सांगलीकडं सासूला आत्ती म्हणतात, मग ती बापाची बहीण असो वा नसो. आणि त्यांनी मान मागितली ती स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी.

आमच्या घरी रविवारी कोंबडी शिजायची आणि वाढायचं काम आत्तींचं. गुडघे चांगले होते तोवर पाटावर बसून, नंतर स्टुलावर बसून, पण पातेलं त्यांच्याच पुढ्यात. एक टंगडी लेकाला. दुसरी आधी सासऱ्यांना, ते गेल्यावर नातीला. काळीज त्यांना स्वतःला, कारण दात नव्हते. आणि मान मला. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी माझ्या ताटात मान टाकून त्या चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आमच्यात सुनेला मान असती." मला लई बरं वाटलेलं. मान मिळाली आणि मान मिळाला ह्यातला फरक व्याकरणाच्या तासाला शिकवतात, आणि माझी शाळा नववीतच सुटली होती.

पंख मात्र सुनेच्या ताटात कधी पडायचा नाही. पंख खाल्ला की सून उडून जाते. ह्याला घरात पुरावाही होता. आत्तींच्या धाकट्या जाऊबाई, पारूबाई म्हणून, एका रविवारी जेवल्या आणि सोमवारी सकाळी जनावरांना पाणी पाजायला म्हणून गेल्या त्या गेल्याच. "पंख खाल्ला हुता तिनं," एवढंच आत्ती सांगायच्या. तेव्हापासून घरातले दोन्ही पंख त्या स्वतःच चोखत बसायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "मी आता कुठं उडतीया?"

तर त्या दिवशी निमित्त होतं ऋतुजाच्या दहावीचं. निकाल जूनमध्ये लागला. ह्यांनी पार्टी कबूल केली आणि मग ह्यांच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात पंपांची रीघ लागली. मग श्रावण आला. मग गणपती. घरचा गणपती गौरीबरोबर गेला आणि पितरं सुरू व्हायच्या आत हा एकच बुधवार सापडला. ऋतुजाला सगळ्या मैत्रिणी जाऊन आलेल्या ह्या नव्या दुकानात यायचं होतं. साऱ्या देशात शाखा आहेत म्हणे. मी हो म्हटलं ते पंखांसाठी नव्हे. दुकानाच्या मोठ्या काचेतून रस्त्यापलीकडं मुलींच्या शाळेचं फाटक दिसत होतं, त्यासाठी.

माझ्या पिशवीत, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, सतरा नंबरचा फॉर्म होता. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा. ऋतुजानं कॉम्प्युटरवर भरून दिलेला. सोबत माझा शाळा सोडल्याचा दाखला, घड्यांवर फाटलेला. हे सगळं त्या शाळेत जमा करायचं होतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि आज शेवटचा दिवस, पाचपर्यंत.

हे घरी सांगितलं नव्हतं असं नाही. निकालाच्या दिवशीच मी ह्यांना म्हटलं होतं, "मी पण बसू का ओ दहावीला?" ते पेढे वाटत होते. माझ्या हातावर एक पेढा ठेवून म्हणाले, "तू पेढा खा आधी." नंतर परत काढलं, तेव्हा जरा गंभीर झाले. "पोरगी पास झाली आणि आता आई बसणार? लोक दात काढतील, रत्ना. आणि आईकडं कोण बघणार?" 

त्यातलं दुसरं खरं होतं. आत्तींचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून वाकत नव्हता. रोज संध्याकाळी मी दोन्ही हातांनी पाय उचलून स्टुलावर ठेवायची, तेल लावायची. पण आमच्या गल्लीतल्या वाचनालयातल्या गोडबोले बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. मी वीस वर्षं त्यांच्याकडून पुस्तकं नेत होते, परत आणून देताना वाद घालत होते. त्या म्हणाल्या होत्या, "मार्चला दहावी दे आणि ये माझ्या खुर्चीत. समितीला एवढा एक कागद लागतो. मला विचारशील तर तोही लागायला नको." त्या खुर्चीसाठी मी फॉर्म महिनाभर तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता. त्या डब्यात माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही, असं माझं मत होतं.

बेत सोपा होता. सगळे खायला लागले की उठायचं, "दोऱ्याचं रीळ घेऊन येते" म्हणायचं, पंधरा मिनिटांत परत.

बेत फसला तो बसतानाच. तिथली बाकं आणि टेबलं फरशीला ठोकून बसवलेली, एका बाजूला काच. "मला कडंला बसू द्या, पाय बाहेर काढाय लागतोय," आत्ती म्हणाल्या आणि मला आत सरकवलं. समोरच्या बाकावर ऋतुजा काचेकडं, हे कडेला. आत्तींना एकदा बसवलं की उठवायला दोन माणसं लागायची. त्या टेकल्या, काठी बाकाला लावली, आखडलेला पाय टेबलाखालून तिरका वाटेकडं सोडला, आणि मी काच आणि सासूच्या मध्ये चेंगरून बसले. बाटलीत लोणच्याची फोड बसते तशी.

चार वीस. आमचा नंबर दोनशे चौदा. फळ्यावर दोनशे सहा.

"मम्मी, तू जाऊन ये ना आधी," ऋतुजा हळूच म्हणाली.

"कुठं?" ह्यांनी विचारलं.

"दोरा आणायचाय. निळा."

"आत्ता? बस की. घरी जाताना सगळेच थांबू."

"दुकान बंद होईल."

"साडेचारला कुठलं दुकान बंद होतंय सांगलीत?" हे हसले. वाईट हसत नव्हते. तीच तर अडचण होती. माणूस वाईट असला म्हणजे भांडता येतं.

चार पस्तीसला बादली आली. खरोखरच बादली, पुठ्ठ्याची. आत्तींनी आत डोकावून पाहिलं. "तेरवीच्या वाढप्यागत बादलीतनं? ताटं?"

"ताटं नसतात, आजी. असंच घ्यायचं."

"आन् भाकरी?"

"भाकरी नसते."

"बरं बाई." त्यांनी एक पंख उचलला, उलटासुलटा केला, एखादं रोप निरखावं तसा. "पीठ लई लावल्यालं हाय. थंडी वाजत हुती वाटतं कोंबडीला." मग चोखला. आम्ही तिघंही बघत राहिलो. "चांगला हाय," त्या म्हणाल्या. "तिखट हाय जरा. पर चांगला हाय."

ह्यांनी दोन घेतले. ऋतुजानं एक हातात धरून फोटो काढला. मी बादलीकडं हात नेला.

"तू न्हाई," आत्ती म्हणाल्या.

हात तिथंच राहिला.

"आई, काय हे! इथं तरी!" हे म्हणाले.

"इथं काय आन् तिथं काय? पंख त्यो पंखच. संपा, तिला त्ये बटाट्याचं आण," त्यांनी लेकाला फर्मावलं.

अशा रीतीनं लेकीच्या पार्टीत माझ्यापुढं मिठातल्या बटाट्याच्या काड्या आल्या. एकेक काडी मी खात होते आणि काचेतून बघत होते. शाळा सुटून गेली होती. शिपाई व्हरांड्यातल्या खिडक्या एकेक करून लावत होता. डावीकडून सुरुवात केली होती त्यानं. ऑफिस उजव्या टोकाला. मी खिडक्या मोजल्या. सात राहिल्या होत्या.

"आत्ती, मला जरा हात धुवायचेत."

"काड्या खाऊन?"

"तेलकट झालेत."

"त्ये कागुद दिल्यात की पुसाय."

सहा खिडक्या.

"आत्ती, खरंच जरा बाहेर जाऊन येते. पाच मिनिटं."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "अन्न पुढ्यात ठिवून उठत्यात व्हय गं? बस." आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीवर त्यांनी आपला हात ठेवला. नुसता ठेवला. प्लास्टिकची फाइल आत करकरली. मी आणखी एक काडी तोंडात घातली.

चार सत्तेचाळीस. ऋतुजाचा पाय टेबलाखालून माझ्या पायाला लागत होता, मम्मी काहीतरी कर, काहीतरी कर. तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर? हे "नको" म्हणाले नसते. "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले असते. आमच्या घरात "नको" कुणी कधी म्हटलंच नाही. सगळं पुढच्या वर्षी असायचं. आणि पुढच्या वर्षी गोडबोले बाईंची खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी झाली असती.

ह्यांना काय सुचलं कुणास ठाऊक. बोटं चाटत म्हणाले, "आई, दे गं तिला एक पंख. बघू तरी उडती का!"

ऋतुजा हसली नाही. मी हसले, सवयीनं. आत्तींनी हातातलं हाड कागदावर ठेवलं.

"त्यात हसायसारखं काय हाय, संपा?" त्या म्हणाल्या. आणि पिशवीवरचा हात उचलला.

चार पन्नास. दोन खिडक्या. मी डाव्या कानातली रिंग काढली आणि मांडीवरून खाली सोडली.

"अगं बाई, रिंग पडली." असं म्हणून, पिशवी छातीशी धरून, चाळिशीला आलेली मी बाई पदर खोचून टेबलाखाली गेले.

खाली अंधार होता आणि तेलाचा वास. ऋतुजाच्या सॅंडल लगेच आखडल्या. मी गुडघ्यांवर सरकत पुढं गेले. बाहेर पडायची वाट डाव्या अंगाला, ह्यांचे बूट आणि आत्तींच्या बाकाच्या मधून. त्या वाटेत आत्तींचा उजवा पाय आडवा पसरलेला, रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखा. वर ह्यांचा आवाज आला, "सापडली का गं?" मी त्या पायाच्या घोट्यावर हात ठेवला. रोज संध्याकाळी ठेवायची तसाच. का ठेवला, मला सांगता येणार नाही. ढकलायचा विचार नव्हता. बहुतेक मी तिथंच थांबणार होते. रिंग घेऊन परत वर येणार होते.

पाय उचलला गेला.

तीन वर्षं जो माझ्या दोन हातांशिवाय वीतभर हलला नव्हता, तो पाय थरथरत फरशीपासून वर गेला आणि तसाच तरंगत राहिला. वरून आत्ती मोठ्यानं ओरडल्या, "संपा! अरं तिखट गेलं डोळ्यात! बघ की रं, आई गं!" ह्यांचे बूट वळले, टाचा वर झाल्या. हे टेबलावरून वाकले असणार. मी त्या पायाखालून पलीकडं निघाले, उठले आणि पळाले.

रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. एक रिक्षावाला काहीतरी म्हणाला एवढं आठवतं. शिपाई शेवटच्या खिडकीशी होता. "मामा, थांबा!" मी फाटकातूनच ओरडले. 

ऑफिसात लोंढे भाऊसाहेब कपाटाला कुलूप लावत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सुटलेला पदर, एकाच कानात रिंग, गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल.

"मुलीचा फॉर्म का?"

"माझा."

त्यांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं, आणि कुलूप काढलं. फाइल उघडून टेबलावर कागद पसरले. फॉर्म, फोटो, दाखला. दाखल्याच्या घडीतून काहीतरी हिरवं-तपकिरी खाली पडलं.

"हे काय?"

कडुलिंबाचा पाला होता. दोन डहाळ्या, वाळलेल्या, नीट जोडून ठेवलेल्या. तांदळाला कीड लागू नये म्हणून डब्यात पाला घालतात. पण हा डब्यातला नव्हता. हा फाइलच्या आत, कागदांच्या मध्ये होता. मी घातला नव्हता. ऋतुजाला पाला आणि मेथी ह्यातला फरक कळत नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "कीड लागू नये म्हणून."

भाऊसाहेबांनी शिक्का मारला. पोच दिली. पोचेवर माझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला, तो अजून आहे.

मी परत गेले तेव्हा त्या टेबलावर दुसरंच कुटुंब बसलं होतं. घरी गेले. हे दारातच पेपर घेऊन बसले होते, उलटा नव्हता एवढंच. ऋतुजानं सगळं सांगून टाकलं होतं.

"मला सांगायचं तरी," हे म्हणाले.

"सांगितलं होतं की. जूनमध्ये. पेढा दिला होता तुम्ही."

ह्यांनी पेपरचं पान उलटलं. मग म्हणाले, "फोटो कुठला लावलास?"

"रेशनकार्डावरचा."

"तो चांगला नाही आलेला," हे म्हणाले. ह्यांच्याकडून ते पुष्कळ होतं.

आत्ती आतल्या खोलीत खाटेवर होत्या. मी तेलाची वाटी घेऊन गेले, स्टूल ओढलं आणि दोन्ही हातांनी पाय उचलायला वाकले. पाय नेहमीसारखाच लाकडाचा झाला होता. उलट जास्तच सुजला होता.

"दुखतोय?"

"न्हाई तर काय नाचंल?" त्यांनी उशीखालून हात घालून कागदाची पुडी काढली. दुकानात हात पुसायला देतात तो पांढरा कागद, तेलानं पारदर्शक झालेला. उघडली. आत माझी रिंग होती. आणि एक पंख.

"खा."

मी बघत राहिले. "उडून जाईन ना, आत्ती."

"जाऊन आलीस की." त्यांनी पुडी माझ्याकडं सरकवली. "परत आलीस न्हवं? मग खा."

मी पायाशी खाली बसले. पंख गार झाला होता, वरचं पीठ मऊ पडलं होतं. मांस असं फार नव्हतंच. आयुष्यात पहिल्यांदा खात होते. हाडाशी आल्यावर मी विचारलं, "आत्ती, पारूबाईंना त्या रविवारी पंख कुणी वाढला होता?"

त्या भिंतीकडं बघत होत्या.

"वाढपीण मीच हुते की," त्या म्हणाल्या. "दादला लई मारायचा गं तिला. म्हटलं, जा. मागल्या दाराची कडी बी मीच काढली." पुडीच्या कागदाची घडी घालत म्हणाल्या, "एकदा तरी यील भेटाय, असं वाटलं हुतं. न्हाई आली. लई जीव हुता आमचा."

मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावत राहिले. दुसरं काय करणार होते?

ह्याला नऊ वर्षं झाली. माझं गणित पहिल्या खेपेला राहिलं, दुसऱ्या खेपेला सुटलं. गोडबोले बाईंनी निवृत्ती सहा महिने पुढं ढकलली, कशी ते त्यांनाच माहीत. आत्ती मी त्या खुर्चीत बसल्यावर चार वर्षं होत्या. माझ्या कामाच्या वेळात आईजवळ राहता यावं म्हणून ह्यांनी दुकान घराच्या पुढच्या खोलीत आणलं आणि आईचा पाय उचलायला शिकले. पहिल्या दिवशी डावा उचलला होता.

पण मला सांगायचाय तो त्या बुधवारनंतरचा कोंबडीचा रविवार. पितरं आणि नवरात्र झाल्यावरचा पहिला. पातेलं नेहमीसारखं आत्तींच्या पुढ्यात होतं. एक टंगडी लेकाला, एक नातीला. मग पळी बराच वेळ पातेल्यात फिरत राहिली. माझ्या ताटात पंख पडला. मागोमाग दुसरा. मग पळीत मान आली आणि आत्तींनी ती स्वतःच्या ताटात घेतली.

"आई, तुला दात कुठायत मान खायला?" ह्यांनी विचारलं.

आत्तींनी रस्सा ओतून घेतला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मला बी जरा मान मिळू दे."